तिसरी कॉइल : ७,९५० फेरे

गिटारच्या पिकअपची तिसरी कॉइल, म्हणजे तारेचं गुंडाळं, पूर्ण झाली. तार कुठेही तुटली नाही आणि चुंबकाला बोट लावलं तरी अँप गप्प राहतो. आधीच्या दोन कॉइलींना हे जमलं नव्हतं, म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

बनवायचंय तेच: १९५४ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये, लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून निघालेल्या स्ट्रॅटोकॅस्टर या इलेक्ट्रिक गिटारचं पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग. एका मित्राच्या गिटारमधलं जुन्या पद्धतीचं पिकअप उघडेपर्यंत माझा समज असा होता, की शिवणयंत्राच्या बॉबिनसारखा एक साचा असेल आणि त्यात चुंबक खोचलेले असतील. साचा नसतोच. व्हल्कनाइज्ड फायबरच्या दोन पट्ट्या असतात, वरची पातळ आणि खालची जाड, आणि त्यांच्या भोकांत दाबून बसवलेल्या अल्निको ५ या चुंबकी मिश्रधातूच्या सहा कांड्या. चुंबक हेच खांब, फायबर म्हणजे जमीन आणि छत, आणि तार थेट खांबांभोवती. इतकी कमी सामग्री, आणि त्यातला एकही भाग शोभेचा नाही. मला या पिकअपचं वेड लागलं ते या रचनेमुळे, आवाज नंतर.

गिब्सन कंपनीच्या पी-९० पिकअपशी ताडून बघा. तीही सिंगल कॉइलच, म्हणजे एकाच कॉइलची, पण तिथे प्लॅस्टिकची बॉबिन, मधे लोखंडी स्क्रू आणि खाली आडवे ठेवलेले दोन चपटे चुंबक. कॉइल पसरट आणि बुटकी. फेंडरची उंच आणि अरुंद, म्हणून ती गिटारच्या तारेचा लहानसाच तुकडा ‘ऐकते’. तो काचेसारखा स्वच्छ, चटकन उमटणारा स्वर बराचसा या आकारातून येतो असं माझं मत आहे.

व्हल्कनाइज्ड फायबर म्हणजे सुती चिंध्यांच्या कागदाचे थर झिंक क्लोराइडच्या प्रक्रियेने एकजीव केलेले. मोटार वाइंडिंगच्या दुकानात लेदरॉइड म्हणून जे मिळतं, त्याचाच जाड भाऊ. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि फुगतो, म्हणून पट्ट्या कापल्यावर दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवल्या.

आता पहिल्या कॉइलची चूक, कारण ती आपल्याकडे कुणाचीही होऊ शकते. जुन्या पिकअपमध्ये ४२ नंबरची तार असते हे पाठ होतं. दुकानात ‘४२ नंबर एनॅमल’ मागितली आणि मिळालीही. ३,२०० फेऱ्यांत जागा संपली आणि मीटरवर जेमतेम नऊशे ओहम. कारण साधं आहे: फेंडरचा ४२ हा अमेरिकन गेज (तारेच्या जाडीचा नंबर), म्हणजे तांबं ०.०६३५ मिलिमीटर. आपल्याकडचा नंबर बहुतेकदा ब्रिटिश एसडब्ल्यूजी असतो आणि त्यात ४२ म्हणजे ०.१०१६ मिलिमीटर. नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा आणि मायक्रोमीटर सोबत न्या.

लेपाचंही महत्त्व आहे. १९६४ च्या सुमारापर्यंत स्ट्रॅटला जाड फॉर्मवारचा सोनेरी लेप असलेली तार असायची, नंतर गडद तपकिरी प्लेन एनॅमल आलं. त्याच सुमाराला तळाची पट्टी काळ्याची करडी झाली. फॉर्मवार जाड असल्यामुळे शेजारच्या दोन फेऱ्यांतलं अंतर वाढतं, कॉइलची आतली कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता) कमी होते आणि वरचे सूर मोकळे राहतात. मी फॉर्मवारच वापरली.

दुसरी कॉइल चुंबकांनी खाल्ली. ओतीव अल्निकोचा पृष्ठभाग खरखरीत असतो. मी कडा न घासता, लॅकर न देता थेट तार गुंडाळली. सर्वांत आतले फेरे खरवडले गेले आणि चुंबकाला टेकले. एका जागी टेकले तर नुसती भणभण, दोन जागी टेकले तर मधले फेरे शॉर्ट होऊन आवाज बसतो. या वेळी कांड्यांच्या कडा घासल्या, जोडलेला सांगाडा लॅकरमध्ये दोनदा बुडवला आणि पूर्ण वाळल्यावरच तारेला हात लावला. फेंडरकडेही लॅकर याचसाठी होतं. जुनी पिकअपं मरतात ती बहुधा इथूनच, ओल शिरून आतली तार गंजते आणि तुटते.

गुंडाळण्यासाठी शिवणयंत्राची मोटार, फेरे मोजायला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जोडलेला कॅल्क्युलेटर. ‘१ + १’ करून बरोबरच्या बटणावर स्विच जोडला की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकने वाढतो. तार मात्र चिमटीतच धरली, मधे फेल्टचा तुकडा. फुलर्टनमध्येही मशीन फिरायचं आणि तार कामगाराच्या बोटांतून जायची. अबिगेल इबारा १९५६ मध्ये तिथे लागल्या आणि पुढे त्यांनी गुंडाळलेली पिकअपं लोक नाव सांगून मागू लागले. हाताने नेलेली तार एकसारखी बसत नाही, थर एकमेकांना तिरके छेदतात. ताण मला पहिल्या हजार फेऱ्यांनंतर कळला. तार किंचित गुणगुणते, तो सूर चढला की चिमूट सैल करायची.

७,९५० फेरे म्हणजे एक किलोमीटरहून थोडी जास्त तार. मोजमाप दुपारी, खोलीत ३३ अंश असताना: ६.१३ किलोओहम. पहाटे २६ अंशांवर तीच कॉइल ५.९८. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशांवर ती ५.८४ च्या आसपास येते. आकडा टाकताना सोबत तापमान टाकत जा, ही कळकळीची विनंती.

मग मेण. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६५ अंशांपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत. याने सैल फेरे जागीच धरले जातात आणि मोठ्या आवाजात पिकअप किंचाळत नाही. कांड्यांचं चुंबकन सर्वांत शेवटी, दोन निओडिमियम चुंबकांच्या मधून सरकवून.

वाजवून पाहिलं. ई, ए, डी या तारा छान बोलतात. जी मात्र सगळ्यांच्या पुढे पळते, आणि ते अपेक्षित होतं: कांड्यांची उंची मी जुन्या मापाची ठेवलीय. तेव्हा जी ची तार गुंडाळलेली, म्हणजे गाभ्यावर दुसरी बारीक तार वेढलेली असायची, तिचा पोलादी गाभा बारीक, म्हणून तिच्याखालची कांडी उंच आणि बी ची सर्वांत बुटकी. आजची साधी, न गुंडाळलेली जी त्याच कांडीवर जोरात वाजते. चांगल्या कॉइलमधली कांडी दाबायला जाऊ नका, आतली तार तुटते. मी गुंडाळलेल्या जी चा संच मागवलाय.

स्ट्रॅटच्या तीनपैकी मधल्या पिकअपसाठी फायबर कापून डब्यात ठेवलंय. ती कॉइल उलटी गुंडाळली तर दोन पिकअप एकत्र वाजवताना ५० हर्ट्झची घरघर जाईल, पण १९५४ मध्ये तिन्ही एकाच दिशेने होती. मीही एकाच दिशेने गुंडाळणार.