आमची वाटचाल: पूल, पाऊस आणि वाडीतले बेडूक

अलिबाग तालुक्यात, आवासपासून रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्यात, आम्ही बंगल्यांचे स्विमिंग पूल सांभाळतो. पाणी तपासायचं, फिल्टर धुवायचा, मोटर बिघडली तर उघडून बसायचं, हे रोजचं काम. पण मे महिना संपत आला की आमचा फोन वाजतो तो बहुतेक बेडकांसाठी. ‘औषध न मारता बेडूक थांबवणारे तुम्हीच ना?’ अशी विचारणा होते. ही ओळख आम्हाला फार मोलाची वाटते, कारण ती मिळवण्याआधी बरीच वर्षं आम्ही नेमकं उलटं काम करत होतो.

मी मूळचा विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करणारा. आयटीआय केलं आणि वाड्यावाड्यांतून हिंडू लागलो. २००९ साली किहीमच्या एका बंगल्यात विहिरीची मोटर बाहेर काढत होतो, तेव्हा मालक म्हणाले, ‘पूलचीही आवाज करतेय, बघतोस का?’ बेअरिंग गेलं होतं, बदललं. पुढच्या आठवड्यात शेजारच्या बंगल्यातून बोलावणं आलं. दोन वर्षांत मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून नऊ पूल बघायला लागलो. मोटर मला येत होती, पाणी मात्र शिकावं लागलं. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत तितके भाग), पीएच ७.२ ते ७.६, पाणी गढूळ झालं तर तुरटी फिरवून रात्रभर बसू द्यायचं आणि सकाळी तळाचा गाळ ओढून घ्यायचा. हे सगळं चुका करत शिकलो.

तेव्हा पावसाळ्यात आमचं काम जवळजवळ बंद असायचं. गेटवेवरून मांडव्याला येणाऱ्या लाँचा जूनमध्ये थांबायच्या, मुंबईचे मालक थेट गणपतीनंतर किंवा दिवाळीला उगवायचे. वीजबिल वाचवायला मोटर बंद, क्लोरीन बंद. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उरलंसुरलं क्लोरीन आठ दिवसांत धुऊन जायचं, पाणी हिरवं व्हायचं आणि पूलचं तळं व्हायचं. बेडकांना आणखी काय हवं? ऑक्टोबरमध्ये आम्ही जायचो तेव्हा तळाशी शेवाळ आणि चिखल. मग क्लोरीनचा जबरदस्त डोस मारायचा. दुसऱ्या दिवशी जाळीने काय काय काढलं ते मी इथे लिहीत नाही, पण बादल्या भरायच्या. आई एकदा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने ती बादली बघितली आणि काही न बोलता परत गेली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, ‘ज्यांच्या ओरडण्यावर तुझ्या आजोबांनी भात पेरला, त्यांना तू मारतोस.’

ते वाक्य मी बरीच वर्षं नुसतं बाळगलं, त्यावर केलं काहीच नाही.

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली आणि लगोलग लॉकडाऊन लागलं. त्यानंतर ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीतल्या अर्ध्याहून जास्त सुपाऱ्या मोडून पडल्या. नारळ मुळासकट आडवे झाले. गावात तीन आठवडे वीज नव्हती. जे पूल आम्ही सांभाळत होतो त्यात झावळ्या, कौलं, पत्रे, सगळं होतं. वाट मोकळी करत एकेका बंगल्यात पोचायलाच महिना गेला. आवासच्या एका बंगल्यात पोचलो तेव्हा पूलमध्ये बेडूकमासे होते. किती, ते मोजता येणार नाही, पाणी हलल्यासारखं दिसत होतं. त्या वर्षी आजूबाजूच्या वाड्या उघड्या पडल्या होत्या, सावली नव्हती, पडलेल्या पानांची, ओलाव्याची जागा नव्हती. हे पाणी तेवढं टिकून होतं.

मालकीणबाईंना फोन लावला. मला वाटलं त्या ‘साफ करून टाका’ म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘मी यायच्या आत ते मोठे होऊन निघून जातील का?’ मी म्हटलं, निघतील कसे? पूलची भिंत उभी आणि गुळगुळीत, पाणी काठापासून सहा इंच खाली. बेडूक पोहतो चांगला, पण टाइल चढून येणं सगळ्यांना जमत नाही. हे बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं मी बेडूक पूलमध्ये येतो कसा याचाच विचार करत होतो, तो बाहेर जातो कसा याचा कधी केलाच नव्हता. त्याच दिवशी दोन बांबू आणि सुंभाची जुनी जाळी घेऊन पहिला उतार केला. पुढचे वीस-पंचवीस दिवस नखाएवढी पिल्लं त्यावरून चढून वाडीत जात होती. मी आणि भाऊ संध्याकाळी नुसतं बघायला जायचो.

तिथून आमचं खरं काम सुरू झालं.

आधी बेडूक ओळखायला शिकलो, कारण सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही. पहिल्या मोठ्या पावसात येतो तो मोठा बेडूक, नर हळदीसारखा पिवळाधमक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. त्याचा सगळा गोंधळ काही रात्रींचा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे मी प्रत्येक मालकाला आवर्जून सांगतो. दुसरा तो खरखरीत पाठीचा भेक. तो बहुतेक वेळा पाण्यासाठी येतच नाही, येतो दिव्याखाली पडणारे किडे खायला, आणि अंधारात काठावरून घसरतो. अंडी मात्र पाण्यात घालतो, काळ्या मण्यांच्या लांबलचक माळेसारखी. कुत्रं असेल तर याच्यापासून जपावं, डोळ्यांमागच्या गाठींतून विष सुटतं आणि कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. तिसरा झाडबेडूक. तो पाण्यावर झुकलेल्या पानाला फेसाचा गोळा चिकटवतो, आणि पिल्लं तयार झाली की टपटप खाली पाण्यात पडतात.

हे कळल्यावर पहिला उपाय फुकटातला निघाला: दिवे. रात्रभर जळणारे पांढरे एलईडी किड्यांना बोलावतात आणि किडे बेडकांना. आम्ही पूलमधले दिवे टायमरवर टाकले, माणसं उठून गेली की बंद. वाटेवरचे पांढरे दिवे काढून पिवळे, खाली तोंड केलेले लावले. एवढ्यानेच भेक कमी झाले. मालकांना हे पटायला सगळ्यात जड जातं, कारण उजळलेल्या निळ्या पाण्यासाठीच तर त्यांनी पैसे घातलेले असतात. मी म्हणतो, जून ते सप्टेंबर एवढंच करा.

दुसरं, पाणी हलतं ठेवणं. अंडी घालायला बहुतेक बेडकांना शांत पाणी लागतं. म्हणून पावसाळ्यात मोटर दिवसाऐवजी अंधार पडल्यावर लावायला लागलो, आणि तिथे जोरात आपटलो. स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठालगतच्या खिडकीच्या, तोंडाशी ओढ असते, काठाकाठाने पोहणारे बेडूक त्यात जाऊन टोपलीत अडकायला लागले. सकाळी झाकण उघडलं की रोज पाच-सहा. आठवडाभरात ते थांबवलं. आता रात्री स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करतो, ओढ फक्त तळाच्या जाळ्यांतून घेतो आणि पाणी परत सोडणारे नोझल वरच्या बाजूला वळवतो, म्हणजे पृष्ठभागावर लाटा उठत राहतात. हे फक्त रात्री, पाण्यात कुणी नसताना, आणि तळाला दोन जाळ्या धड असतील तरच. सकाळी सात वाजता आमच्याकडे कामाला असलेला मुलगा सगळं पुन्हा नेहमीसारखं करतो आणि स्किमरचं झाकण उघडून बघतो. ओव्हरफ्लोच्या पूलमध्ये, जिथे पाणी काठावरून वाहत राहतं, काठाची नाली आणि ते पाणी साठणारा बॅलन्सिंग टँकही बघावा लागतो, तिथे गेलेला बेडूक दिसतच नाही.

कुंपणाचा धडा आम्हाला महागात पडला. सुरुवातीला स्वस्त म्हणून मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी लावली. बेडूक थांबले, पण दुसऱ्या आठवड्यात त्यात एक धामण अडकली. सर्पमित्राने कात्रीने एकेक दोरा कापून तिला सोडवलं, तोवर तिच्या अंगाला जागोजागी कापलं होतं. त्या दिवसापासून नायलॉनची जाळी आमच्या गाडीत नसते. आता दाट विणीचं हिरवं शेडनेट लावतो, दोन फूट उंच, खालची कड सहा इंच मातीत पुरलेली, वरची बाहेरच्या बाजूला दुमडलेली. भेक यावर थांबतो. मोठा बेडूक मनात आणलं तर उडी मारतो आणि झाडबेडूक कशावरही चढतो, म्हणून कुंपण लावलं की काम संपलं असं आम्ही कुणाला सांगत नाही. झाडबेडकासाठी काठावर झुकलेल्या केळी, लिली, हेलिकोनिया चार-पाच फूट मागे घ्यायच्या. फेसाचा गोळा दिसला तर पान देठापासून कापून दुसऱ्या पाण्यावर बांधायचं.

आणि हे दुसरं पाणीच सगळ्यात महत्त्वाचं. बेडकाला पूल हवा असतो असं नाही, त्याला पाणी हवं असतं. वाडीच्या खालच्या अंगाला, पूलपासून पन्नास-साठ फूट लांब, आम्ही एक डबकं खणतो. आठ बाय सहा फूट, खोली दीड फुटाच्या आत, कडा उतरत्या, आत पडलेली पानं आणि दोन-चार जांभ्याचे दगड. वाडीत दिवे नाहीत अशी जागा बघायची. पहिल्याच डबक्यात आम्ही बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर धुतल्यावर निघणारं, पाणी सोडलं होतं, फुकट जातंय म्हणून. क्लोरीनमुळे त्यातले सगळे बेडूकमासे मेले. आता फक्त पावसाचं आणि विहिरीचं पाणी. डासांची भीती सगळेच काढतात आणि ती योग्य आहे, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आरोग्य खात्याचे गप्पी मासे सोडावेत असं सुचवलं जातं, पण ते बेडकांची अंडी आणि कोवळी पिल्लंही खातात. म्हणून आम्ही डबकं फक्त पावसाळ्यापुरतं ठेवतो. दर आठवड्याला गाळणीने पाणी तपासतो. चतुराच्या अळ्या आल्या की डासांच्या अळ्यांचा समाचार त्या घेतात. दिवाळीपर्यंत ते आटून जातं, आणि दरवर्षी आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, हेच बेडकांना मानवतं.

उतारांचं काम आता गावातल्या बचत गटाच्या बायका करतात. सुंभाची चटई, चार फूट लांब, एक टोक काठावर दगडाखाली, दुसरं बांबूच्या तुकड्यावर तरंगतं. प्रत्येक कोपऱ्यात एक, कारण बेडूक भिंत धरून पोहत राहतो. नवी चटई थेट टाकली तर पाणी चहासारखं होतं, त्यामुळे आधी तीन दिवस हौदात भिजवून दोनदा पाणी बदलावं लागतं. क्लोरीनने एका पावसाळ्यात ती कुजते, पुढच्या वर्षी नवी. प्लास्टिकचे तयार उतार मिळतात, पण आम्ही सुंभावर राहिलो. पकड चांगली बसते आणि पैसे गावात राहतात.

या वाटेवर काही कामं गेली. एका बंगल्याच्या मॅनेजरने काठाभोवती मीठ आणि फिनेल टाकायला सांगितलं. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच घेतो, त्याच्या अंगावर मीठ पडलं तर त्याची आग आग होते. मी नाही म्हटलं, करार संपला. वर्षाचं मोठं काम होतं, त्या महिन्यात दोघा मुलांचे पगार द्यायला मला उसने घ्यावे लागले. डांबरगोळ्या, व्हिनेगर, ब्लीचिंग, हे सगळं लोक सुचवतात. कुठलंच आम्ही करत नाही. डबक्याशिवाय काम घेणंही आता बंद केलंय, नुसतं कुंपण लावून बेडकांना शेजारच्या पूलमध्ये ढकलणं मला पटत नाही.

मालकांची बाजूही मला कळते. रो-रोमुळे आता भर पावसात पाहुणे येतात, बंगले शनिवार-रविवार भाड्याने जातात. लहान मूल पाण्यात उतरलं आणि समोर बेडूक आला तर ते किंचाळणारच. बेडकांमागून दिवड येते, ती बिनविषारी असली तरी पाहुण्याला ते कुठून ठाऊक? त्यांचा त्रास खोटा नाही. म्हणूनच आम्ही ‘बेडकांची सवय करा’ असं कधी म्हणत नाही. पूल पूलसारखाच राहिला पाहिजे, स्वच्छ आणि रिकामा.

आज आमच्याकडे एकतीस पूल आहेत, सात माणसं आहेत. भाऊ पाण्याचं बघतो, मी वाडीचं. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. आवासच्या त्या बंगल्यातलं आमचं डबकं तिने पाहिलं होतं, काठीने कड दाखवून म्हणाली होती, ‘इथे अजून उतरतं कर.’ केलं.

यंदा चौलला एका नव्या बंगल्याचा पूल बांधायला सुरुवात झालीय. आर्किटेक्ट ताईंनी काम सुरू व्हायच्या आधी आम्हाला बोलावलं. नकाशावर त्यांनी एका कोपऱ्यात खरबरीत दगडाचा उतार काढला, पाण्याखालून थेट काठापर्यंत, आणि ओव्हरफ्लोच्या नालीतही दर दहा फुटांवर तसाच छोटा उतार घेतला. वाडीच्या टोकाला डबकंही दाखवलंय. परवा गवंडी विचारत होता, ही पायरी एवढी बारीक कुणाच्या पायाला? त्याला सांगितलं. त्याने हसून टेप लावला आणि म्हणाला, ‘मग अजून एक इंच खाली घेऊया, पाणी उतरलं तरी पोचले पाहिजेत.’