अपराधगंड आणि हिशेब

आजचा दिवस लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा गुलाममालकांचा डेटाबेस चाळण्यात गेला. फुकट आहे. आडनाव टाका, वसाहत, गुलामांची संख्या आणि मिळालेली भरपाई पौंड-शिलिंग-पेन्सपर्यंत दिसते. हो, भरपाई मालकांना! गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३च्या ब्रिटिश कायद्याने २ कोटी पौंड. गुलामांना छदाम नाही, उलट १८३८पर्यंत 'उमेदवारी'च्या (म्हणजे शिकाऊ कामगार असल्याच्या) नावाखाली बिनपगारी राबणं. मालकांच्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदात्यांनी फेडून संपवलं २०१५ साली.

इथे लोक हमखास चुकतात. आडनाव जुळलं म्हणजे घराणं जुळत नाही. शिवाय पैसे घेणारा कधी मळ्याचा मालक नसून नुसता विश्वस्त किंवा सावकार असतो. आधी वंशावळ, मृत्युपत्र तपासा. मग लाज वाटून घ्या.

मळेवाला जॉन ग्लॅडस्टन घ्या. त्याच्या नावावर लाखाहून अधिक पौंड भरपाई. गुलाम सुटणार म्हणताच त्याने दक्षिण अमेरिकेतल्या गयानातल्या मळ्यांसाठी कलकत्त्याहून मजूर मागवले. मे १८३८मध्ये दोन जहाजं पोचली. २०२३मध्ये त्याच्या वंशजांनी तिथे जाऊन माफी मागितली. ट्रेव्हेल्यन या दुसऱ्या गुलाममालक घराण्यातून त्याच वर्षी कॅरिबियनमधल्या ग्रेनेडासाठी १ लाख पौंड आले. रक्कम किरकोळच म्हणा. पण पणजोबाचं पाप वारशाने येत नसलं, तरी त्याची इस्टेट येते ना?