आमची वाटचाल : नऱ्ह्यातली खाऱ्या पाण्याची हॅचरी

आमच्या गाळ्यात पाऊल टाकणारा जवळपास प्रत्येक जण आधी हेच विचारतो, की शोभेचे समुद्री मासे पैदा करायचे, तर समुद्र सोडून हे पुण्यात का? कारण सरळ आहे. पावसाळ्यात कोकणातल्या नद्यांचं गोडं पाणी खाड्यांतून समुद्रात उतरतं, किनाऱ्यालगतची क्षारता घसरते, पाणी गढूळ होतं. नऱ्ह्यात आम्ही आरओच्या पाण्यात मीठ मिसळून समुद्र बनवतो. हजार लिटरला साधारण ३५ ते ४० किलो सॉल्ट मिक्स लागतं. खर्च बराच आहे, पण मे असो की जुलै, क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ म्हणजे ३५. बंदरातलं तेल नाही, पाण्यासोबत आलेला परजीवी नाही. एंजलफिश या शोभेच्या माशाच्या लार्वाला, म्हणजे नुकत्या फुटलेल्या पिल्लाला, पाण्यातला लहानसा बदलही सोसत नाही, त्यामुळे ही जागा आम्हाला पावली असंच मी मानतो.

सुरुवात अर्थात क्लाउनफिश या पट्टेवाल्या समुद्री माशापासून झाली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, आणि नवख्या माणसाने हात बसवायला याहून चांगला मासा नाही. मादी टाइलवर अंडी चिकटवते, नर ती राखतो, साधारण आठवड्याभरात पिल्लं फुटतात तीच डोळे आणि तोंड घेऊन. पहिल्या दिवसापासून रोटिफर हे पाण्यातले सूक्ष्म जीव खातात, दोनेक आठवड्यांत त्यांच्या अंगावर पट्टे उमटू लागतात. माझा मावसभाऊ आणि मी, दोघांनी मिळून हा गाळा भाड्याने घेतला तो या माशाच्या भरवशावर. बँकेत कर्जाची फाइल घेऊन गेलो तेव्हा ‘पुण्यात समुद्री मासे?’ एवढं ऐकून एका अधिकाऱ्याने ती उघडलीही नाही. शेवटी सोसायटीची ठेव मोडली, आईने तिच्या पाटल्या दिल्या, आणि टाक्या आल्या. आजही आमच्या गाळ्याचं भाडं आणि पगार क्लाउनफिशवरच निघतात.

पण शोभेच्या माशांच्या दुकानांत जाऊन बसलो की डोळ्यांत भरायचे ते एंजल. कोरल ब्यूटी, फ्लेम, इम्परर. (गोड्या पाण्यातला एंजल वेगळा. तो सिक्लिड कुळातला, त्याची पैदास घराघरांत होते.) समुद्री एंजल जवळजवळ सगळे प्रवाळातून पकडून आणलेले असतात. फिलिपिन्स-इंडोनेशियात असे मासे पकडायला सायनाइड मारण्याचे प्रकार झालेले आहेत. त्या विषाने मासा गुंगतो आणि आजूबाजूचं प्रवाळ मरतं. गिऱ्हाईक हौसेने मासा नेतं, आणि तो अन्नाला तोंड न लावता महिन्याभरात जातो. हे बघवत नव्हतं. पोटापाण्याचा धंदा तर करायचाच होता, पण या माशाची पिल्लं आपण टाकीत वाढवून द्यावीत ही इच्छा तिथे पक्की झाली.

हे जगात झालेलं होतं. १९७० च्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी फ्रेंच आणि ग्रे एंजल वाढवले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हवाईत फ्रँक बेन्श यांनी फ्लेम एंजलसारख्या बुटक्या जाती वाढवून दाखवल्या. म्हणजे वाट होती. फक्त ती पुण्यात आणायची होती.

आम्ही कोरल ब्यूटी निवडला. आकार लहान, स्वभाव त्यातल्या त्यात बरा, आणि जोडी जमली की अंडी देण्यात नियमित. सगळे जन्मतः मादीच असतात, थोराड झालेला एक नर होतो. त्यामुळे एक मोठा आणि दोन-तीन लहान असे टाकीत सोडले की घर आपोआप बसतं. टाकीला लांबीपेक्षा खोली महत्त्वाची, कारण अंडी टाकताना जोडी वर उठते. रोज दिवे मावळायच्या अर्धा तास आधी नर पर ताणून मादीभोवती फिरायला लागतो, अंग तिरपं करतो, तिच्या पोटाला तोंड लावतो. मग दोघं हळूहळू वर येतात आणि क्षणात खाली झेपावतात. मागे पाण्यात धुरकट ढग राहतो. टायमर लावून आम्ही त्यांची संध्याकाळ आमच्या दुपारच्या चहानंतर आणून ठेवली आहे, म्हणजे हे घडतं तेव्हा कुणी ना कुणी हजर असतं.

अंडी जेमतेम पाऊण मिलिमीटरची, काचेसारखी पारदर्शक. चांगली अंडी तरंगतात, खराब बुडतात, एवढी निवड निसर्गच करून देतो. वरच्या पाण्याबरोबर ती वाहत बारीक जाळीच्या टोपलीत येतात. एका दिवसाच्या आत फुटतात. पण जे बाहेर येतं त्याला अजून मासा म्हणवत नाही. डोळ्यांत रंग नाही, तोंड नाही, पोटाला बलकाची पिशवी, डोकं खाली करून लोंबकळणारी रेघ. तिसऱ्या दिवशी डोळे काळे होतात, तोंड उघडतं, आणि तोवर शिदोरी संपत आलेली असते. तिथून पुढच्या काही तासांत त्याला मावेल असा, हलणारा घास समोर हवा.

सगळं घोडं इथे अडतं. रोटिफर या तोंडाला मोठा पडतो. चालतात ती पार्व्होकॅलॅनस नावाच्या कोपेपॉडची (कवचधारी सूक्ष्म जीवाची) नुकती जन्मलेली पिल्लं, रुंदीला साधारण ६० मायक्रॉन. कोपेपॉड जगवायचे तर त्यांना ताजं जिवंत शैवाल लागतं, आम्ही टी-आयसो ही सूक्ष्म शैवालाची जात वाढवतो. वाळवलेल्या पुडीवर ते तग धरत नाहीत. दूध विकणाऱ्याचा अर्धा जीव चाऱ्यात असतो, तसं आमचं झालं. गाळ्यातली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात गार खोली माशांची नाही, शैवालाची आहे. ती सांभाळणाऱ्या ताई पूर्वी नर्सरीत रोपं बघायच्या. बाटलीचा सोनेरी-तपकिरी रंग जरा फिका पडला तरी त्यांना आधी कळतं, सूक्ष्मदर्शकात आम्हाला नंतर दिसतं. कोपेपॉडच्या बादलीत सिलिएट हे एकपेशीय जीव शिरले की ते शैवाल फस्त करतात आणि कल्चर, म्हणजे वाढवलेला साठा, बसतं. म्हणून एकच कल्चर कधी ठेवायचं नाही, आणि एका बादलीतली गाळणी दुसरीत घालायची नाही, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

लार्वा काळ्या गोल टबात, शैवालाने किंचित रंगलेल्या पाण्यात राहतात. हवेचा बुडबुडा अगदी मंद. चौथ्या दिवशी पिपेटने एक लार्वा काचेवर घेतला आणि पारदर्शक पोटात गडद ठिपका दिसला की आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो. पोट भरलंय. ठिपका नसेल तर ती बॅच दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

त्यानंतरही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोठी गळती असतेच. पिल्लांची भूक वाढते आणि त्या वेगाने कोपेपॉड पुरवणं अवघड जातं. पुढे त्यांना आर्टेमियावर, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या जीवांवर, आणता येतं. पिल्लं चपटी, थाळीसारखी होतात, आणि सुमारे दोन महिन्यांनी तळाशी उतरून दगडाच्या कपारी शोधू लागतात. आमच्याकडे अशी उतरलेली पिल्लं मोजकी आहेत. ती विकायला काढलेली नाहीत. त्यांच्यातून पुढच्या जोड्या करायच्या आहेत, कारण टाकीत जन्मलेला नर-मादी टाकीतल्या अन्नाला, उजेडाला सरावलेला असतो.

पुण्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. उन्हाळ्यात हवा कोरडी, पाणी झपाट्याने उडतं आणि क्षारता चढते, म्हणून सकाळ-संध्याकाळ गोड्या पाण्याची भर. जानेवारीच्या रात्री हीटर, एप्रिलच्या दुपारी चिलर. गुरुवार हा देखभालीचा वार, कधी वीज जाते, कधी पालिकेचं पाणी बंद असतं, त्यामुळे बुधवारी रात्री आरओच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या लागतात आणि टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला इन्व्हर्टर. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असतं, मेम्ब्रेन लवकर जातो. २०२० च्या टाळेबंदीत मावसभाऊ गाळ्यातच राहिला. शैवालाला सुट्टी देता येत नाही.

आता आमच्या विक्रीत क्लाउनफिशखालोखाल कोपेपॉड आणि शैवालाच्या बाटल्या आहेत. मॅन्डरिनसारखे, सतत जिवंत खाद्य टिपणारे मासे पाळणाऱ्यांना त्या लागतात. महाविद्यालयांचे विद्यार्थीही प्रकल्पासाठी नेतात. त्यांच्याकडून आम्ही पैसे घेत नाही, फक्त वाढीची नोंद मागतो. एंजलवर अजून आमचा पैसाच जातो आहे, पण या बाटल्या त्या खर्चाला हातभार लावतात. पुढच्या वर्षी शैवालाची खोली दुप्पट करायची आहे. टब वाढवण्याआधी ती, यावर आमचं दोघांचं एकमत आहे.

बघायला यायचं असेल तर जरूर या, फक्त आधी फोन करा आणि गुरुवार टाळा. दुपारी चारच्या सुमाराला आलात तर जोडी वर उठताना दिसेल. आत येताना अत्तर, सॅनिटायझर, डासांचं मलम काही लावलेलं नको. शैवालाच्या खोलीत मात्र कुणालाच सोडत नाही, काचेतूनच बघावं लागेल. शंका असतील तर तिथे ताईंना विचारा, माझ्यापेक्षा नीट त्या सांगतात.