आवाजांची हजेरी

स्मरणिका समितीचा तिसरा फोन आला तेव्हा मी विचारलं, बाकीच्यांनी काय काय लिहून दिलंय? तर गॅदरिंग, पन्हाळ्याची सहल, छड्या आणि मधल्या सुट्टीतली भडंग. म्हटलं, मग ते सगळं आलंच. मी शिट्टी सरांच्या खोक्यावर लिहितो. १९८५ ते ८८ या काळात आपल्या शाळेत असलेल्यांना ‘खोकं’ एवढं म्हटलं की पुरे. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर.

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. शिट्टी हे नाव पडायला पीटीच्या तासाचा काही संबंध नव्हता. आठवीत ध्वनीचा धडा आला. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, हे वाक्य आम्ही घोकून आलो होतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक. सरांनी ते एकाकडून म्हणवून घेतलं आणि विचारलं, “हे २०,००० कुणाच्या कानाचे? पुस्तक लिहिणाऱ्याच्या, माझ्या का तुझ्या?” वर्गात कुणाला काही सुचेना. प्रयोगशाळेत नादकाट्यांची पेटी होती, पण ती २५६ पासून ५१२ पर्यंत. म्हणजे २०,००० च्या गावाला जायचं आणि एसटी पहिल्याच फाट्यावर संपणार.

म्हणून सरांनी खोकं केलं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत सर्किट, बाहेर जुन्या रेडिओची दोन गोल बटणं. एक स्वर वर-खाली करायचं, दुसरं आवाज लहान-मोठा करायचं. पहिल्या बटणाखाली ड्रॉइंगच्या कागदाची अर्धगोल पट्टी आणि काट्याच्या जागी चिकटवलेली टाचणी. आवाज बाहेर यायला मंडपवाल्याकडून आणलेला पिझो ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजांचा छोटा स्पीकर.

आता पट्टीवर आकडे कशाच्या आधारानं घालायचे? खालचे आकडे सरांनी एका कॉलेजात खोकं नेऊन, ऑसिलोस्कोपवर, म्हणजे आवाजाची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर बघून घातले. वरच्या टोकाला एक पक्की खूण हवी होती, ती त्यांनी आमच्या कानांनी करून घेतली. ती दुपार मला अजून लख्ख आठवते.

सर कोल्हापुरात वरुणतीर्थ वेशीजवळच्या एका बोळात भाड्यानं राहायचे. त्यांच्याकडं टीव्ही नव्हता, खाली घरमालकीणबाईंकडं होता. आम्हा तिघांना घेऊन सर खाली गेले आणि म्हणाले, “बाई, टीव्ही लावा, पण आवाज पार बंद करा.” बाई म्हणाल्या, “मास्तर, आवाज बंद करून टीव्ही बघायचा? बरं हाय न्हवं तुमचं?” टीव्ही लागला. पडद्यावर कुणीतरी शेतीवर मुक्यानं बोलत होतं. सरांनी विचारलं, “काय ऐकू येतंय?” आम्ही तिघंही एकदम म्हणालो, “शिट्टी!” बारीक, टोकदार, सुईसारखी. बाईंना काही येत नव्हतं. सरांनाही नाही. सर तेव्हा पंचेचाळीसचे होते.

सरांनी खडूनं कोब्यावर मांडलं : ६२५ × २५ = १५,६२५. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं, सेकंदाला २५ चित्रं. प्रत्येक ओळ संपली की किरण झटक्यात मागं न्यावा लागतो, म्हणजे सेकंदाला १५,६२५ झटके. टीव्ही दुरुस्तीवाले ज्याला ईएचटी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर त्या तालावर थरथरतो, तीच ही शिट्टी. बोळातून जाताना कुणाच्या घरी टीव्ही चालू आहे हे आम्हाला दाराबाहेरूनच कसं कळायचं, याचा उलगडा त्या कोब्यावर झाला.

मग सर खोक्याचं बटण हळूहळू फिरवू लागले. आधी दोन वेगळ्या शिट्ट्या. जवळ आल्यावर त्या एकमेकींना घासायला लागल्या. डास कानाशी येऊन लांब जातो तसं वाँव, वाँव, वाँव. मग ती लाट संथ, आणखी संथ, आणि एका क्षणी दोन्हींची एकच. आम्ही तिघांनी एकदम हात वर केले. सरांनी टाचणीच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारली. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप, त्यातला कणभरही त्यांना ऐकू येत नव्हता. ते फक्त आमच्या हातांकडं बघत होते. शाळेच्या दहा वर्षांत एखाद्या मास्तरांनी आमचं म्हणणं इतकं बिनशर्त खरं मानल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पुढं महिनाभर प्रयोगशाळेत खोक्याची पाळी चालली. ट्वीटरपासून एक मीटर दोरी मोजून जमिनीवर खडूची खूण, तिथं स्टूल. बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडं, डोकं टेकायला भिंतीला लाकडी ठोकळा. ठोकळा कशाला? १७,००० हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम दोन सेंटिमीटरची. भिंतींवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि खोलीत आवाजाचे ठिपके पडतात. मान जराशी हलली तरी ठिपका सुटतो, आवाज नाहीसा होतो. सर स्विचही मध्येच वापरायचे नाहीत. स्विचचा टक् आवाज सगळ्या उंचीचा असतो, तो बहिऱ्यालाही सावध करतो. त्यामुळं आवाज नेहमी दुसऱ्या बटणानं शून्यातून हळूच वर आणायचा.

आणि मधूनच ‘पोकळ पाळी’. आवाज शून्यावरच ठेवून सर बटण फिरवल्याचं सोंग करायचे. माझा पहिला आकडा १९,००० निघाला होता, अख्ख्या वर्गात वरचा. मी कॉलर ताठ केली. सरांनी शांतपणे तो खोडला, कारण त्या वेळी खोकं गप्प होतं. खरा आकडा १७,००० निघाला. आपल्याला ऐकू यावं असं वाटलं की ऐकू येतं, हे तेव्हा फार लागलं होतं मनाला.

निकाल एका जाड वहीत. हजेरीपत्रकासारख्या रेघा, वर हजारांचे आकडे, ऐकू आलेल्या आवाजाखाली ‘ह’, न आलेल्याखाली ‘गै’. पाचवीची पोरं १७-१८ हजारांपर्यंत हजर. आम्ही त्यांच्या जरा खाली. नुकतेच लागलेले तरुण मास्तर १५ च्या आसपास. पन्नाशीचे १२ च्या आतबाहेर. घंटा देणारे शिपाईमामा ७ वर थांबले. इतकी वर्षं लोखंडाच्या तुकड्यावर हातोडा हाणलेला, तोही कानापासून हातभरावर. हेडसर स्टुलावर बसले, १० वर गैरहजर झाले, आणि वळून म्हणाले, “अहो, हे बंद पडलंय.” त्यांच्या मागं दारात पाचवीची चार पोरं कानात बोटं घालून उभी होती.

शाळेत सगळ्या गोष्टी वरून खाली चालतात. ही एकच वही अशी होती, जिच्यात पाचवी ‘अ’ सगळ्यांच्या डोक्यावर बसली होती.

असं का होतं, हे सरांनी जिना दाखवून सांगितलं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच वेढ्यांची नळी. दाराजवळच्या पेशी बारीक आवाजांच्या, आत टोकाकडच्या जाड आवाजांच्या. जाड आवाजाची लाटसुद्धा दारावरूनच आत जाते. “गच्चीवर जाणाराही पहिल्या पायरीवर पाय देतोच. आपल्या जिन्याची कुठली पायरी झिजलीय बघा.” पहिली पायरी मधोमध बशीसारखी खोल झाली होती. वयाबरोबर ऐकू कमी होण्यामागं अनुवंश, रक्तपुरवठा अशी आणखीही कारणं असतात हे पुढं वाचनात आलं, पण ती पायरी काही डोक्यातून जात नाही. एका कानात अशा केसाळ पेशी पंधरा-सोळा हजारांच्या घरात, आणि गेलेली पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते म्हणे. कोंबडीला जमतं ते आपल्याला नाही.

लंडनच्या फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाची गोष्ट सरांनीच सांगितली. या गृहस्थानं १८७६ च्या सुमारास एक बारीक शिट्टी केली, ती काठीच्या टोकात बसवली आणि प्राणिसंग्रहालयात जनावरांच्या कानाशी वाजवत फिरला. माणसांवरही प्रयोग केले. म्हाताऱ्यांना आपली उणीव ठाऊकच नसते, ती अशी उघडी पडली की ते चिडतात आणि बघणाऱ्यांची करमणूक होते, हेही त्यानं टिपून ठेवलंय. माणसांची प्रतवारी लावायचं खूळ पुढं त्याला फार वाईट वाटेनं घेऊन गेलं, तो विषय निराळा. हेडसरांचा प्रसंग आठवला की मात्र वाटतं, एवढं निरीक्षण त्याचं बरोबर होतं.

आता माझ्या वडिलांचं. आबा उद्यमनगरात एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. ओतकामातून निघालेल्या जॉबच्या कडा छिन्नीनं आणि ग्राइंडरनं साफ करायच्या, दिवसाचे आठ तास. घरी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “बोलतायसा ते ऐकू येतंय, काय बोलतायसा ते कळत न्हाई.” आम्हाला वाटायचं, लक्ष नसतं. दुधाचे साठ रुपये झाले असं आई म्हणाली, आबांनी आठ ठेवले आणि त्यावरून दोन दिवस घरात अबोला.

पालकसभेला आबा आले तेव्हा सरांनी त्यांना सहज स्टुलावर बसवलं. एक हजार, ह. दोन हजार, ह. चार हजार, गै. सरांनी आवाज वाढवला. गै. आणखी वाढवला. दारात उभ्या असलेल्या मला तो सोसेना, आबा मात्र भिंतीकडं बघत शांत बसून. मग सर आठ हजारांवर गेले, तर आबांनी हात वर केला. सरांनी पोकळ पाळी घेऊन खात्री केली, पुन्हा आठ हजार लावले. पुन्हा हात वर. सर थांबले आणि म्हणाले, “फाउंड्रीत आहात का?” आबांनी चकित होऊन माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं मीच सांगितलंय.

वयानं जातं ते वरून खाली, ओळीनं. सततच्या धडाक्यानं जातं तेव्हा ४,००० च्या आसपास आधी खड्डा पडतो. मग घरातला ‘साठ’ सरांनी उलगडून दाखवला. आ, ओ हे स्वर जाड, खालचे, ते आबांना नीट पोचायचे. स, श, फ यांचा फुसकारा सगळा वरचा, तो खड्ड्यात पडायचा. साठमधला स गेला की उरतो आठ. आई हे ऐकून पदराआड गप्प झाली.

आबा कानात कापूस घालून कामाला जायचे. साध्या कापसानं आवाज जवळजवळ अडतच नाही, रबरी बोळे वापरा, असं सरांनी सांगितलं. आबांनी आणलेही. सोबतचे हसतात म्हणून पंधरा दिवसांत ते खिळ्यांच्या डब्यात गेले. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. तेव्हा कुठंच निराळं चित्र नव्हतं. आता महाद्वार रोडवर विसर्जनाच्या रात्री डॉल्बीसमोर नाचणारी पोरं बघतो, तेव्हा त्यांच्या कानाचा ४,००० चा रकाना मला दिसायला लागतो. बायको म्हणते, म्हातारा झालास.

ते खरंही आहे. २००५ साली वेल्समध्ये एकानं दुकानांपुढं टोळक्यानं उभ्या राहणाऱ्या पोरांना पिटाळायला १७,४०० हर्ट्झच्या आसपास किंचाळणारं यंत्र काढलं. ते मोठ्यांना ऐकूच येत नाही. आपल्याकडं त्या कामाला यंत्र लागत नाही, पहिल्या मजल्यावरची एक आजी पुरते. पण तिकडच्या पोरांनी तोच आवाज मोबाइलची रिंग करून वर्गात वापरला, मास्तरांना पत्ता नाही. शिट्टी सरांना हे फार आवडलं असतं असं वाटलं, आणि गेल्या महिन्यात ते सांगायलाच मी त्यांच्याकडं गेलो.

जायच्या आदल्या रात्री घरी मोबाइलवर आवाज लावून बघितले होते. या पद्धतीवर फार भरवसा ठेवू नये. मोबाइलचा स्पीकर वरचे आवाज नीट काढेलच असं नाही, आणि एमपीथ्री फाइल लहान करताना १६,००० च्या वरचं बहुतेक वेळा कापूनच टाकलेलं असतं. तरी लेकीला बटण दिलं आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. १२,००० ला हात वर केला. नंतर बराच वेळ काही नाही. म्हटलं, “अगं, लाव की.” ती म्हणाली, “बाबा, केव्हाचा वाजतोय.”

सर आता पंच्याऐंशीचे आहेत. दोन्ही कानांत यंत्र. मी पाया पडलो तर म्हणाले, “समोर बस. ओठ दिसू देत.” यंत्रानं चिमण्या परत आल्या, बारीक रातकिडे काही आले नाहीत, असं त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. वेल्सची गोष्ट दोनदा सांगावी लागली. दुसऱ्यांदा कळल्यावर इतके हसले की एक यंत्र शीळ घालायला लागलं. ती शीळ मला ऐकू आली, त्यांना नाही.

मग त्यांनी कपाटातून ती वही काढली. स्मरणिकेत छापायला पान हवं होतं म्हणून मी चाळू लागलो. पाचवी ‘अ’. शिपाईमामा. आबांची ओळ : ह, ह, गै, ह. शेवटच्या पानांवर एकच नाव, सरांचं स्वतःचं, दरवर्षी जूनमध्ये एक ओळ. पहिल्या ओळीत १४ पर्यंत हजर. ‘गै’ एकेक घर डावीकडं सरकत आलेला. निवृत्तीनंतरही ओळी चालूच होत्या.

“तुझा आता किती?” त्यांनी विचारलं.

“बारा, सर.”

“पोकळ पाळी घेतलेलीस?”

नव्हती घेतली. सरांनी पेन टोपणात परत घातलं आणि वही मिटली. “लेकीला घेऊन ये रविवारी,” म्हणाले. “खोकं माळ्यावर आहे. मला तर आता ऐकू यायचं नाही, पट्टी बरोबर आहे का ते तीच सांगेल.”