परराज्यातली जुनी बाराबोर घेताना

रानडुकरांनी तूर उकरली की मोबाइलवर मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची स्वस्त बाराबोर (छऱ्याची बंदूक) डोळ्यात भरते. ‘कुरिअरनं पाठवतो, आगाऊ पैसे टाका’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणं विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला तुमचं नाव-पत्ता लेखी कळवून किमान 45 दिवस थांबायलाच हवं. तुमचा परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर तेवढ्यावर सीमेपलीकडून बंदूक आणता येत नाही. बंदुकीवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्याशी अंकन्अंक जुळवा. बंदूक रिकामी करून नळी उजेडाकडे धरा. आत गंजाचे खड्डे दिसले की सोडाच. अडीच इंची चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) पावणेतीन इंची काडतूस सहज बसतं, पण उडवताना दाब धोकादायक वाढतो. आणि डुकरावर झाडायला वनखात्याची परवानगी वेगळीच लागते.