अजून दोघं आले तर

"काका, अजून दोघं आले तर लावतो."

मल्टिप्लेक्सच्या काउंटरवरच्या मुलाने हे इतक्या सहज सांगितलं की क्षणभर आपण वडापच्या जीपमध्ये बसलोय असं वाटलं. वडापवाला असंच म्हणतो. अजून दोन शिटं आली की निघू. तिथे निदान जीप समोर उभी असते आणि ड्रायव्हर तंबाखू मळत असतो. इथे एसी, चकचकीत फरशी, पॉपकॉर्नचा वास, आणि शिटांमध्ये मी एकटा.

२०२६ च्या जानेवारीतला मंगळवार होता. आधार कार्डाच्या कामासाठी रजा टाकली होती आणि ते काम, कुणाला सांगून खरं वाटणार नाही, साडेअकरालाच उरकलं. अशी फुकटात हाती लागलेली दुपार घरी नेऊन वाया घालवू नये. म्हणून एका मराठी सिनेमाचं १.१० चं तिकीट काढलं. सिनेमाचं नाव सांगत नाही, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आता मंगळवारी दुपारी १.१० ही काय सिनेमाची वेळ झाली, असं तुम्ही म्हणाल. पण २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवा म्हणून सांगितलं, तेव्हा बरीच ओढाताण होऊन प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं होतं. त्या हिशेबाने मी भर प्राइम टाइमला बसलो होतो. एकटा असलो म्हणून काय झालं! उरलेली दोन तिकिटं आपणच काढावीत असंही मनात आलं. मग शेजारच्या पाटीवरचा समोशाचा भाव वाचला आणि परोपकाराचा तो विचार मागे घेतला.

सोफ्यावर बसलो आणि मोबाईल काढला. रिकाम्या वेळात मी येणाऱ्या सिनेमांच्या तारखा बघतो. लोक पंचांग बघतात तसा. डोक्यात वर्षाचं कॅलेंडरच त्यावर लागलेलं असतं. यंदाचा पाडवा १९ मार्चला आहे हे मला कालनिर्णयने नाही सांगितलं, 'धुरंधर'ने सांगितलं. डिसेंबरात तो बघितला, २१४ मिनिटं. उठताना गुडघे कुरकुरत होते, आणि शेवटी पडद्यावर पाटी की दुसरा भाग १९ मार्चला. म्हणजे पंगतीत साडेतीन तास जेवून हात धुवायला निघावं आणि यजमानाने सांगावं की ही तर कोशिंबीर होती, वरणभात पाडव्याला. जाणार तर आहेच. कुरकुरत जाईन, पण पहिल्या दिवशी जाईन.

त्यानंतर १ मे. रितेश देशमुखचा 'राजा शिवाजी' महाराष्ट्र दिनाला येणार असं जाहीर झालंय. संगीत अजय-अतुलचं, कॅमेरा संतोष सिवनचा. वाचलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. पण शिवकाळावरच्या सिनेमांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे, ती इथेच मांडून टाकतो. सगळ्यांचे फेटे नवे असतात. परवाच दुकानातून आणल्यासारखे. चार दिवस घोड्यावर बसून आलेला मावळा, आणि त्याच्या बाराबंदीला साधा घामाचा डाग नाही. दुसरं म्हणजे लढाईशिवाय कुणाला काही कामच नसतं. गडावर हवालदार असायचा, सबनीस असायचा, धान्याचा आणि सामानाचा हिशेब ठेवणारा कारखानीस असायचा. मला त्या कारखानिसाचा सिनेमा बघायचाय. वेढा पडलाय, कोठारात किती दिवसांचं धान्य उरलंय हे त्याला एकट्याला माहीत आहे आणि तो ते कुणाला सांगू शकत नाही. अडीच तास. तलवार एकदाही उपसायची नाही. हे मी ऑफिसात बोलून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाला, "मंगळवारी दुपारी लावतील."

मग दिवाळीला 'रामायण'चा पहिला भाग, आणि पुढच्या वर्षीच्या दिवाळीला दुसरा. २०२७ च्या दिवाळीत मी काय करणार हे मला आत्ताच ठाऊक आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मात्र अजून ठरत नाही.

आणि हे सगळं मी न बघितलेल्या सिनेमांबद्दल बोलतोय, हे माझ्या लक्षात येत होतं. खरं सांगायचं तर माझी सगळ्यात ठाम मतं न बघितलेल्या सिनेमांबद्दलच असतात. बघितला की मत मऊ पडतं. 'छावा'चंच घ्या. गेल्या वर्षी जानेवारीत ट्रेलर आला, त्यात संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, आणि त्या आठवड्यात चहाच्या टपरीवरसुद्धा दोन तट पडले. मीही एका तटात होतो, घसा बसेपर्यंत. दिग्दर्शकाने शेवटी तो प्रसंग काढून टाकला. १४ फेब्रुवारीला सिनेमा आला तेव्हा ज्याच्यावर आमची भांडणं झाली ते सिनेमात नव्हतंच. शेवटच्या अर्ध्या तासानंतर बाहेर आलो तेव्हा टपरीवरचा माझा प्रतिस्पर्धी तिथेच पार्किंगमध्ये उभा होता, डोळे पुसत. मला बघून म्हणाला, "संगीत जरा जास्त झालं नाही?" मी म्हटलं, "जरा." तेवढ्यावर तह झाला.

कुणी येतंय का म्हणून दाराकडे बघितलं. एक जोडपं आलं आणि सरळ दुसऱ्या पडद्याकडे गेलं.

आमच्या लहानपणी सिनेमा आधी रिक्षातून यायचा. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एकच टॉकीज. शुक्रवारी सकाळी रिक्षाच्या टपावर भोंगा, दोन्ही बाजूंना बांबूच्या चौकटीवर पोस्टर, आणि आत बसलेला माणूस एका श्वासात, "रोज तीन खेळ, रोज तीन खेळ, सहकुटुंब सहपरिवार..." मागून तो गुलाबी, पिवळी हँडबिलं उधळायचा आणि आम्ही धुरळ्यातून पळायचो. एकाच सिनेमाची सतरा हँडबिलं गोळा करून काय करायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही. पोस्टर गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवायचे, त्यामुळे रात्रीत शेळ्या ते खायच्या. शनिवारी सकाळी हिरोचं नुसतं कपाळ शिल्लक असायचं. खलनायक सहसा वरच्या कोपऱ्यात असल्यामुळे शेळ्या त्याला सोडत.

पण सिनेमा आमच्याकडे यायचा तोवर पुण्या-मुंबईत तो लागून, चालून, उतरून सहा-आठ महिने झालेले असत. रिळांची पेटी एसटीने यायची. "पेटी आली का?" असं टॉकीजच्या दारात विचारलं की कळायचं आज खेळ आहे की नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी पुण्याचा आतेभाऊ सुट्टीला यायचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. रात्री माळवदावर अंथरुणं पडली की दादा सिनेमा सांगायचा. नुसती गोष्ट नाही, पाट्यांपासून. पार्श्वसंगीत तोंडाने, घोड्याच्या टापा मांडीवर, बंदुकीची गोळी जिभेने. मध्यंतर झालं की तो उठून पाणी प्यायचा आणि आम्ही खरंच थांबायचो. हल्ली माझा मुलगा सिनेमाचा शेवट कुणी सांगितला तर दोन दिवस बोलत नाही. आम्ही शेवट दोनदा सांग म्हणून दादाच्या पाया पडायचो.

असाच एक सिनेमा त्याने सांगितला, त्यात क्रेनवरची फायटिंग होती. हिरो क्रेनच्या हुकाला लोंबकळतोय, खाली चुन्याची भट्टी, वर खलनायक दोर कापतोय. आठ महिने मी त्या क्रेनसाठी थांबलो. पेटी आली, आजोबांच्या खिशातून पैसे मिळाले (मागितले होते की नव्हते ते जाऊ द्या), थर्डमध्ये बसलो. सिनेमा संपला. क्रेन नव्हती. आमच्या टॉकीजवाल्याने रीळ कापलं असणार असं मी ठरवलं, कारण तो कापायचाच. पुढे टीव्हीवर लागला, व्हिडिओवर मिळाला, आता मोबाईलवरही आहे. तिन्ही वेळा बघितला. क्रेन नाही. दादाला विचारलं तर तो म्हणाला, "असायला पाहिजे होती की नाही?"

होती. त्या सिनेमाला क्रेन पाहिजेच होती.

आजी आयुष्यात फारसे सिनेमे बघायला गेली नाही. पण १९९१ चा 'माहेरची साडी' आमच्याकडे लागला आणि टॉकीजच्या आवारात आसपासच्या गावांतल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहिल्या, तेव्हा तीही गेली. गल्लीतल्या सगळ्या बायका, सासवा-सुना एकाच रांगेत. संध्याकाळी परत आल्या तेव्हा डोळे सुजलेले आणि कुणी कुणाशी बोलेना. त्या रात्री आजी आईला म्हणाली, "तू बस गं, मी वाढते." दुसऱ्या दिवशी चहाही तिनेच केला. आई घाबरली होती. तिसऱ्या दिवशी सिनेमा उतरला.

टॉकीजमधला मात्र अजून कितीतरी आठवडे चालू होता.

मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही हे रडगाणं काही आजचं नाही. १९७१ मध्ये 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूर थिएटरवर शिवसेनेला उतरावं लागलं होतं. पुढे दादा कोंडक्यांचे खेळ आठवडेच्या आठवडे हलेनात, ती गोष्ट निराळी. आता कोण कुणासाठी उतरणार? गेल्या सप्टेंबरात १२ तारखेला एकाच शुक्रवारी 'दशावतार', 'आरपार', 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे आले. भावकीतल्या तीन घरांनी एकाच मुहूर्तावर लग्नं काढल्यासारखं. आहेर कुणाला करायचा? मी 'दशावतार'ला गेलो, कारण एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर. शेवटी सिनेमा जरा भाषणाकडे झुकतो, पण तो चेहरा रंगवायला बसलेला म्हातारा बघितला की सगळं माफ. बाकी दोघांना पुढच्या आठवड्यात बघू म्हटलं. पुढच्या आठवड्यात 'साबर बोंडं' आला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात बक्षीस मिळवून आलेला, आणि आमच्या भागात त्याचा एकच खेळ, रात्री पावणेअकराचा. आम्ही आठ जण होतो. बापाच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला गावी आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र, दोघांचं हळूच उमलणारं प्रेम, आणि भोवती लग्नाचं काय म्हणून टोचणारे नातेवाईक. संपल्यावर आठांतले तिघं जण बसूनच राहिले. झाडूवाल्या मावशींनी मग आमच्या पायांखालून झाडलं. त्याबद्दल मला अजून काही नीट मत देता येत नाही. बघितलाय ना.

आठ जणांचं कौतुक सांगत होतो आणि इथे तीन जमेनात. १.१० चे १.२५ झाले. मुलगा जवळ आला. वीस-बावीस वर्षांचा असेल, टाय आवळलेला.

"काका, नाही होणार. पैसे परत येतील, पाच ते सात दिवसांत."

"तू बघितलास का रे हा?"

"तुकड्या-तुकड्यात. दार उघडायला, बंद करायला आत जातो ना. चांगलाय." मग थोडा थांबून म्हणाला, "शेवट नाही बघितला. तेव्हा पुढच्या शोची गर्दी असते." पुढचा शो अर्थातच दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचा.

घरी आलो. बायको भिशीचा हिशेब घेऊन बसली होती. ही तीच भिशी जी २०२३ च्या जुलैत नऊवारी नेसून, काळे गॉगल लावून 'बाईपण भारी देवा'ला गेली होती. एकदा नाही, तीनदा. त्या महिन्यात आमच्या सोसायटीत संध्याकाळी कुणाच्याच घरी भाजी वेळेवर झाली नाही, आणि तो सिनेमा कुठल्या परीक्षणाने नाही, असल्या भिशांनी चालवला.

"कसा होता?" तिने मान वर न करता विचारलं.

शो झाला नाही, मी दीड वाजेपर्यंत सोफ्यावर बसून आलो, हे सांगायला काही हरकत नव्हती. पण तोंडातून निघून गेलं, "बरा होता. सेकंड हाफ जरा ओढलाय."

सवय, दुसरं काय! ट्रेलर दोनदा बघितलेला होता, त्यावरून सेकंड हाफ ओढलेलाच असणार असं माझं ठाम मत होतं.

"बरं झालं सांगितलंस. ग्रुपवर विचारत होत्या रविवारी जाऊ या का म्हणून. नको म्हणते."

तिने फोन उचलला. मला तो टायवाला मुलगा दिसला, दार अर्धवट उघडून उभा.

"अगं थांब. नको कशाला म्हणतेस? चांगला आहे."

"आत्ता तर ओढलाय म्हणालास."

"ओढलाय म्हणजे, शेवटाकडे जाताना थोडा. पण शेवट..." मी खुर्ची ओढून बसलो. "शेवट बघण्यासारखा आहे. एक क्रेन आहे त्यात."

"क्रेन? मराठी सिनेमात?"

"तू बघ तरी."

तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग टाइप केलं. नऊ जणी तयार झाल्या आहेत. शुक्रवारनंतर शो राहिला तर.