ऑनलाइन सत्राची बांधणी : तिसऱ्या आवृत्तीची नोंद

ऑनलाइन शिकवायचं सत्र बांधत राहण्याच्या या छंदात सरावाचा विषय तोच ठेवला आहे : स्प्रेडशीटमधलं व्हीलुकअप (कोडवरून दुसऱ्या यादीतली माहिती शोधून आणणारं सूत्र), ९० मिनिटं, जास्तीत जास्त १६ जण. विषय मुद्दाम कोरडा निवडलाय. गमतीदार विषयावर सत्र रंगलं तर श्रेय विषयाचं की बांधणीचं, हे कळायला मार्ग नसतो.

दुसऱ्या आवृत्तीत ४१ स्लाइड होत्या, आता १४ आहेत. पण खरा बदल नियोजनाच्या तक्त्यात झाला. तक्त्याला पाच रकाने : वेळ, बोलणं, पडदा, सहभागींचे हात, लिंक. चौथ्या रकान्यात त्या मिनिटाला समोरचा माणूस काय टाइप करतोय, कुठे क्लिक करतोय, काय सोडवतोय ते लिहायचं. ‘ऐकतात’ हा शब्द तिथे चालत नाही. सलग ८ मिनिटं हा रकाना रिकामा दिसला की तो भाग फोडायचा. (माणसाचं लक्ष अमुक मिनिटंच टिकतं असे जे आकडे फिरत असतात, त्यातला हा नव्हे. ८ मिनिटांत एक संकल्पना आणि तिचं एक उदाहरण नीट बसतं, एवढंच.)

उद्दिष्टही बदललं. ‘व्हीलुकअप समजून घेणे’ हे तपासता येत नाही. आता लिहिलंय : ‘दोन शीटमधल्या याद्या कोडवरून जोडून २० ओळींचे दर १० मिनिटांत भरणे, आणि एन/ए एरर (‘सापडलं नाही’ असा इशारा) आल्यास कारण ओळखून दुरुस्त करणे.’ शिकण्याच्या पायऱ्या मांडणाऱ्या, शिक्षणतज्ज्ञ ब्लूमच्या १९५६च्या वर्गीकरणाची २००१मध्ये सुधारित आवृत्ती आली, तेव्हा पायऱ्यांची नावं नामांवरून क्रियापदांवर आणली गेली. उद्दिष्ट लिहिताना तीच युक्ती कामी येते : क्रियापद असं हवं की ते घडताना दिसलं पाहिजे. त्या २० ओळींचा सराव सगळ्यात आधी तयार केला आणि बाकीचं सत्र त्याच्यामागे जोडलं. तो सोडवायला जे लागत नाही ते सगळं गळालं. सत्ताविसातल्या बहुतेक स्लाइड अशाच गेल्या.

पोलचे प्रश्न. ‘समजलं का?’ असा पोल घेऊ नये, सगळे ‘हो’ म्हणतात. चुकीचा प्रत्येक पर्याय हा एखाद्या खऱ्या गैरसमजाचा पत्ता असला पाहिजे. सध्याचा प्रश्न असा : ‘पहिल्याच ओळीत सूत्राने उत्तर दिलं, एरर नाही, पण दर चुकीचा. कारण?’ पर्याय तीन : चौथा घटक लिहिलेलाच नाही, रेंजला डॉलरचं चिन्ह नाही, कोडच्या शेवटी जादा स्पेस आहे. उत्तर पहिलं. जुळणी नेमकी हवी की अंदाजे हे सूत्रातला चौथा घटक सांगतो. तो सोडला की सूत्र अंदाजे जुळणी धरतं, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर बेधडक भलताच दर देतं. डॉलरचं चिन्ह रेंज, म्हणजे शोधायचा पट्टा, जागेवर धरून ठेवतं; ते नसल्याचा फटका सूत्र खाली ओढल्यावर बसतो, पहिल्या ओळीत नाही. नेमकी जुळणी मागितली असेल तर जादा स्पेसने चुकीचा दर येत नाही, एन/ए येतो. कोणत्या पर्यायावर मतं पडली त्यावरून पुढची चार मिनिटं ठरतात. म्हणून तक्त्यात पोलनंतर दोन फाटे लिहून ठेवलेत.

शांतता. दुसऱ्या आवृत्तीची सगळ्यात मोठी गळती इथे होती. समोरासमोरच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद लागतात. कॉलवर आवाज एका बाजूने पोचायलाच तेवढा वेळ लागू शकतो; आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत १५० मिलिसेकंदांपर्यंतचा एकेरी विलंब चालण्यासारखा मानलाय. म्हणजे चांगल्या जोडणीवरही जाऊन-येऊन ३०० होऊ शकतात. बोलण्याची नैसर्गिक लय तिथेच मोडते, दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि मग कुणीच बोलत नाही. त्यावर म्यूट काढायचा वेळ वेगळा.

शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांत मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. ऑनलाइनसाठी तक्त्यात आता तोंडी प्रश्नाला १० सेकंद, चॅटमधल्या उत्तराला ४० सेकंद लिहिलेत. हे सेकंद घड्याळात बघायचे, मनात मोजू नयेत. मनातले दहा सेकंद चारच असतात. तेवढा वेळ ओठ मिटून ठेवणं हे या छंदातलं सगळ्यात अवघड कसब आहे, आणि मध्येच ‘म्हणजे मला असं विचारायचंय की…’ म्हणून प्रश्न पुन्हा मांडला की लोकांचा विचार पहिल्यापासून सुरू होतो.

चॅटसाठी उपयोगी युक्ती : ‘उत्तर टाइप करा, पण मी सांगेपर्यंत एंटर दाबू नका.’ ३० सेकंदांनी ‘आता’ म्हणायचं. सगळी उत्तरं एकदम कोसळतात. पहिल्या हुशार उत्तराखाली बाकीचे ‘सहमत’ लिहून मोकळे होत नाहीत.

छोट्या खोल्या. ब्रेकआउट रूममध्ये (कॉलमध्येच गट पाडून पाठवायच्या वेगळ्या खोल्यांत) तिघं किंवा चौघं. दोघांत एकाचं नेट गेलं की दुसरा एकटा पडतो. पाचवा माणूस हमखास लपतो. मुख्य खोलीत शेअर केलेली सूचनांची स्लाइड आत गेल्यावर दिसत नाही हे हमखास विसरलं जातं, आणि पहिली दोन मिनिटं ‘नक्की करायचं काय होतं?’ यात जातात. म्हणून सूचना सरावाच्या फाइलमध्येच पहिल्या ओळीवर हव्यात : सुरुवात कोण करणार (ज्याचं नाव वर्णानुक्रमे पहिलं तो), हातात काय घेऊन परतायचं, किती वाजता. ‘चर्चा करा’ ही सूचना नव्हे. ‘ब स्तंभातल्या तीन चुकीच्या सूत्रांपुढे कारण लिहा’ ही सूचना.

आत ८ मिनिटांचं काम असेल तर तक्त्यात १२ धरावीत. सांगायला २, आत जायला १, परतायला १. झूममध्ये खोल्या बंद केल्यावर मूळ सेटिंगनुसार ६० सेकंदांची उलटी गिनती चालते. हा हिशेब न केल्यामुळेच दुसरी आवृत्ती घड्याळाबाहेर गेली. आता ९० मिनिटांत मजकूर ७० मिनिटांचाच आहे आणि तरी हात आखडताच ठेवावा लागतो.

सरावाची फाइल. एकच सामायिक शीट सगळ्यांना दिली की कुणीतरी सॉर्ट करतं आणि सगळ्यांच्या ओळी हलतात. गूगल शीट्समध्ये लिंकच्या शेवटी ‘एडिट’च्या जागी ‘कॉपी’ टाकून ती द्यावी, प्रत्येकाला स्वतःची प्रत करायचं बटण येतं. लिंक चॅटमध्ये एकदाच टाकून भागत नाही, उशिरा आलेल्यांना बहुधा आधीचं चॅट दिसत नाही. दर २० मिनिटांनी पुन्हा टाकायची. वेळ तक्त्याच्या पाचव्या रकान्यात आहे.

पडदा आणि आवाज. शीट १५० टक्के मोठी करून दाखवावी, काही जण फोनवर असतात. फक्त एक विंडो शेअर केली तर ड्रॉपडाउन मेनू कधीकधी समोर दिसत नाही, त्यामुळे या विषयाला पूर्ण पडदा शेअर करणं बरं, नोटिफिकेशन बंद करून. स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं वाचू नये : पडद्यावर चित्र असताना तेच शब्द एकाच वेळी वाचायला आणि ऐकायला दिले की शिकणं मंदावतं, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलंय. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की तो बहुधा हँड्सफ्री प्रकारात जातो आणि आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झ नमुनादरावर येतो, म्हणून डबीतून बोलल्यासारखा वाटतो. वायरचा साधा माइक तोंडापासून १५–२० सेंटिमीटरवर, किंचित बाजूला. कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी इथे घालावेत.

चौथ्या आवृत्तीसाठी उरलेलं. शेवटच्या १० मिनिटांतली उजळणी काढून तिथे फाइल बंद करून कोऱ्या शीटवर सूत्र लिहायचं काम येईल. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. त्याच कारणाने दोन दिवसांनी ३ प्रश्न आणि सातव्या दिवशी ३ प्रश्न पाठवायचे आहेत. प्रश्न तयार आहेत, पोलच्या धर्तीवरचे. सहयजमानाची (सत्र चालवायला मदत करणाऱ्याची) कामं मात्र अजून तक्त्यात बसलेली नाहीत. खोल्या उघडणं, लिंक टाकणं आणि चॅट वाचणं या तिन्ही गोष्टी ३२व्या मिनिटाला एकाच माणसावर येतात. त्यासाठी सहावा रकाना करायचा, की चॅट वाचण्याचं काम एखाद्या सहभागीला द्यायचं, हे पुढच्या फेरीत दोन्ही करून बघितल्यावर ठरेल.